साहित्याच्या अभ्यासातलं संशोधन आणि समीक्षालेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साहित्य शिकवताना आणि निबंध तपासताना काही प्रश्न दरवर्षी नव्या वर्गाकडून पुन्हा ऐकू येतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण कामाच्या क्रमानेच आहे: आधी वाचन, मग शोध, मग लिहिणं आणि पुन्हा लिहिणं. तुमचा प्रश्न मधलाच असेल तर थेट तिथे जा. दुसरा प्रश्न मात्र वाचून जा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यातल्या उताऱ्यावर उभी आहेत.

१. मी पूर्ण कादंबरी नीट समजून घेऊन लिहिलं, तरी 'हे कथासार झालं' असा शेरा का आला?

कथासार 'काय घडलं' ते सांगतं. समीक्षा विचारते, 'हे असंच का सांगितलं आणि त्यामुळे काय साधलं?' तुमचे शिक्षक ती कादंबरी वाचून बसलेले असतात. त्यांना घटना नको असतात, त्या घटनांच्या मांडणीत तुम्हाला काय दिसलं ते हवं असतं.

ओळखायची एक सोपी खूण आहे. तुमच्या निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर एकाखाली एक लिहा. ती वाक्यं 'मग', 'नंतर', 'त्यानंतर' या शब्दांनी जोडली जात असतील तर तुम्ही गोष्ट सांगत आहात. 'कारण', 'तरीही', 'याउलट', 'म्हणून' यांनी जोडली जात असतील तर तुम्ही युक्तिवाद करत आहात. क्रियापदंही बघा. नायिका जाते, रडते, परत येते, अशी वाक्यं कथेच्या आत राहतात. निवेदक लपवतो, उशिरा सांगतो, एकच तपशील तीनदा आणतो, अशी वाक्यं कथेकडे बाहेरून बघतात.

थोडं कथासार लागतंच. वाचकाला आपण कथेत कुठे उभे आहोत ते कळावं, इतपत दोन वाक्यं पुरतात.

दुसऱ्या टोकाला जाणारेही बरेच असतात. 'मन हेलावून टाकणारी', 'काळजाला भिडणारी', 'वास्तवाचं विदारक चित्रण करणारी'. ही विशेषणं हजार कलाकृतींना लावता येतात, म्हणून ती तुमच्या हातातल्या एकीबद्दल काहीच सांगत नाहीत. मन हेललं असेल तर ती सुरुवात आहे. ते नेमकं कोणत्या वाक्याला हेललं आणि त्या वाक्यात काय होतं, इथून पुढे लिहायचं.

२. 'बारकाईने वाचा' असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

हे सांगण्यापेक्षा करून दाखवणं बरं. पुढचा छोटा उतारा मी याच कामासाठी रचला आहे:

'बाबांचं पत्र आलं. आईने ते न उघडता कपाटात ठेवलं. संध्याकाळी तिने दिवा लावला, कपाट उघडलं, पुन्हा लावलं. मी विचारलं, काय लिहिलंय बाबांनी? ती म्हणाली, सगळं ठीक आहे.'

पहिलं काम, सरळ अर्थ. कोण, कुठे, काय करतंय? हे काम क्षुल्लक समजू नका. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेतले आणि त्या अभिप्रायांचा अभ्यास १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. साहित्य शिकणाऱ्या, हुशार मुलांनाही कवितेचा साधा अर्थच लागत नव्हता. कित्येक जण कवितेऐवजी स्वतःच्या आठवणींबद्दल आणि आधीपासून तयार असलेल्या भावनांबद्दल लिहीत होते. आजही पहिली चूक इथेच होते.

दुसरं काम, नोंदी. अजून अर्थ लावायचा नाही, फक्त जे दिसतं ते टिपायचं. या उताऱ्यात मला दिसलेल्या गोष्टी अशा: पत्र येतं, बाबा येत नाहीत. 'उघडणं' दोनदा येतं, एकदा नकारात पत्राबरोबर आणि एकदा कपाटाबरोबर. 'लावणं'ही दोनदा येतं, पण अर्थ उलटे आहेत. दिवा लावला म्हणजे उजेड केला, कपाट लावलं म्हणजे बंद केलं. उताऱ्यात भावनेचा एकही शब्द नाही, ना दुःख, ना भीती, ना आठवण. निवेदक 'मी' आहे आणि त्याला फक्त आईच्या हालचाली दिसतात. त्याचा प्रश्न 'काय लिहिलंय' असा आहे, पण उत्तरात पत्राचा उल्लेखच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपाट उघडणं आणि पुन्हा लावणं यांच्यामध्ये काय झालं ते सांगितलेलं नाही. आईने पत्र वाचलं का? आपल्याला माहीत नाही. मुलालाही नाही.

तिसरं काम, प्रश्न. नोंदींपैकी जी टोचते, जिच्याकडे मन पुन्हा पुन्हा जातं, ती धरायची. मला ती न सांगितलेली जागा टोचते. लेखनाने ती मुद्दाम रिकामी ठेवली आहे. का ठेवली असेल?

पाच-सहा ओळींतून एवढं निघतं. म्हणूनच मी सांगते की पहिल्यांदा निबंध लिहिताना अख्खी कादंबरी धरू नका. एक प्रसंग धरा, एक पान धरा. पेन्सिल हातात असू द्या आणि उतारा एकदा मोठ्याने वाचा. वाक्यांची लांबी, खंड, पुनरुक्ती यांतलं बरंच डोळ्यांआधी कानाला कळतं.

३. विषय कसा निवडायचा?

'अमुक लेखिकेच्या साहित्यातील स्त्री' हा विषय नाही, ते एक क्षेत्र आहे. त्यात दहा प्रबंध मावतील आणि तुमचा बारा पानांचा निबंध हरवून जाईल. क्षेत्रावर तीन वेळा 'नेमकं कोणतं?' असं विचारा. स्त्रीची नेमकी कोणती बाजू? बोलणं. कोणतं बोलणं? जिथे ती प्रश्नाचं उत्तर टाळते ते. कुठे? एका कथासंग्रहातल्या तीन कथांमध्ये. आता हाताशी विषय आला: 'तीन कथांमधल्या आयांची टाळलेली उत्तरं.'

विषय आणि प्रश्न यांत पुन्हा फरक आहे. या विषयावरचा प्रश्न असा होईल: उत्तर टाळल्याने या आया मुलांवर सत्ता गाजवतात की स्वतःला वाचवतात? ज्याचं उत्तर पुस्तक उघडल्याशिवाय देता येत नाही आणि उघडल्यावर एका वाक्यात संपत नाही, तो चांगला प्रश्न.

४. 'तुमचं विधान कुठे आहे?' असं शिक्षक विचारतात. विधान म्हणजे काय?

तुमच्या संशोधन-प्रश्नाला तुम्ही दिलेलं एक-दोन वाक्यांचं उत्तर, ज्याच्याशी एखादा शहाणा वाचक असहमत होऊ शकेल. 'या उताऱ्यात आईचं चित्रण आहे' याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून ते विधान नाही. 'आई थोर असते' हे साहित्याबद्दलचं विधानच नाही. आता हे बघा: 'या उताऱ्यातली आई पत्रातली बातमी मुलापासून लपवत नाही, ती बातमी तिने स्वतःच अजून जाणून घेतलेली नाही, आणि उजेड करण्यासाठी व कपाट बंद करण्यासाठी एकच क्रियापद वापरून लेखन तिची ही अवस्था दाखवतं.'

याच्याशी वाद घालता येतो. कोणी म्हणेल, तिने संध्याकाळी पत्र वाचलंच असणार, नाहीतर कपाट उघडलं कशाला? हा आक्षेप येऊ शकतो हेच विधान जिवंत असल्याचं लक्षण आहे. त्याला उत्तरही उताऱ्यातूनच द्यायचं. निवेदक आईची प्रत्येक हालचाल सांगतो, तो पत्र हातात घेतल्याचं सांगत नाही. हे उत्तर पुरेसं आहे का? पूर्ण नाही. मग विधानात थोडी नरमाई आणायची: 'जाणून घेतलेली नाही' ऐवजी 'जाणून घेतल्याची कोणतीही खूण लेखन देत नाही.' विधान असं लिहिता लिहिता बदलतं आणि ते बदलू द्यावं. पहिल्या मसुद्यातलं विधान शेवटपर्यंत जसंच्या तसं राहिलं असेल, तर मला शंका येते की मधल्या पानांवर विचार झालाच नाही.

५. निबंधात 'मी' लिहिलेलं चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं, तुमच्या विभागाची पद्धत आधी विचारून घ्या. 'मला वाटतं' हे कारणाच्या जागी येत असेल तर काढा. 'मी इथे दोन कथांची तुलना करते' यात काहीच गैर नाही. उलट, 'असे म्हटले जाते', 'असे दिसून येते' या कर्त्याविना वाक्यांमध्ये कोण म्हणतं आणि कोणाला दिसतं तेच हरवतं.

६. लेखकाला काय म्हणायचं होतं ते शोधणं, हेच संशोधन ना?

नाही, आणि हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. १९४६ मध्ये विमसॅट आणि बियर्ड्सली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी असं मांडलं की लेखकाचा हेतू आपल्या हाती येत नाही आणि कलाकृतीचं मोल ठरवताना त्याचा मापदंड म्हणून उपयोगही नाही. १९६७ मध्ये फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी आणखी पुढे जाऊन 'लेखकाचा मृत्यू' जाहीर केला आणि अर्थ वाचकाकडे सोपवला. ही टोकं तुम्ही मान्य करायलाच हवीत असं नाही. मी स्वतः लेखकाची पत्रं, मुलाखती, प्रस्तावना आवडीने वाचते. पण तो साक्षीदाराचा जबाब आहे, निकाल नाही. लेखिकेने मुलाखतीत 'माझी नायिका बंडखोर आहे' असं सांगितलं आणि कथेत ती दर वेळी माघार घेत असेल, तर पुरावा कथा देईल. मुलाखत आणि कथा यांच्यातली तफावत हाच तुमचा विषय होऊ शकतो.

चरित्राचंही तसंच. 'कवीचं बालपण गरिबीत गेलं म्हणून कविता उदास आहे' या वाक्यात कविता कुठे आहे? गरिबीत बालपण गेलेल्या सगळ्यांनी तीच कविता लिहिली नाही.

७. पुस्तकाची कोणतीही आवृत्ती चालेल ना?

वाचायला चालेल, निबंधाला चालेलच असं नाही. लेखक पुढच्या आवृत्तीत शेवट बदलतात, संपादक शब्द सुधारतात, मुद्रक ओळ गाळतात, शालेय पुस्तकांत उतारे संक्षिप्त केलेले असतात. एका शब्दावर युक्तिवाद उभा करायचा आणि तो शब्द छपाईतली चूक निघायची, असं होऊ शकतं.

पाठ शुद्ध असावा ही काळजी मराठीला नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, हस्तलिखितांमध्ये शिरलेले अपपाठ, म्हणजे चुकीचे शब्द आणि ओळी, दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. पुढे विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, हाती घेतली. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पूर्ण झालं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं त्यासाठी ताडून पाहिली गेली. तळाला दिलेले पाठभेद पाहिले की एका श्लोकामागे किती निर्णय असतात ते कळतं.

तुम्हाला एवढं करायचं नाही. तुमच्या कलाकृतीची चिकित्सक किंवा अभ्यासकांनी संपादित केलेली आवृत्ती आहे का ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर जी वापरली तिचं वर्ष आणि प्रकाशक नोंदवा आणि पूर्ण निबंधात तीच एक वापरा.

८. मूळ पुस्तक परभाषेतलं आहे आणि मी अनुवाद वाचला. त्यावर लिहिता येईल?

येईल. पण मग शब्दनिवडीचं, लयीचं, श्लेषाचं श्रेय लेखकाला देऊ नका, ते अनुवादकाचं काम आहे. आपला उतारा परभाषेत नेला तर 'लावणं'ची जोडी बहुतेक तुटेल. दिव्याला एक क्रियापद येईल, कपाटाला दुसरं. कथानक, रचना, निवेदनाचा कोन, काळाची उलटापालट यांवर अनुवादातूनही विश्वासाने लिहिता येतं. अनुवादकाचं नाव संदर्भात द्यायला विसरू नका. दोन अनुवाद मिळत असतील तर ते शेजारी ठेवून वाचा, जिथे ते वेगळे होतात तिथे मूळ मजकूर अवघड आहे असं समजायला हरकत नाही.

९. संदर्भ शोधायचे कुठे? आंतरजालावर शोधलं की तेच तेच येतं.

सुरुवात ग्रंथालयापासून करा. तालिकेत पुस्तक सापडलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकंही बघा, वर्गीकरणामुळे एकाच विषयाची पुस्तकं शेजारी असतात. मग एक चांगला, ताजा लेख मिळवा आणि त्याची संदर्भसूची वाचा. त्यातून तुम्ही मागे जाता. गूगल स्कॉलरसारख्या ठिकाणी त्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला ते दिसतं, तिथून पुढे जाता. दोन-तीन लेखांत तेच नाव वारंवार दिसू लागलं की त्या विषयातला ज्येष्ठ आवाज कोणता ते कळतं.

विश्वकोश आणि विकिपीडिया दिशा कळण्यासाठी वाचा, निबंधात आधार म्हणून देऊ नका. जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर भरपूर आहेत.

मराठीत शोधणाऱ्यांसाठी एक खास अडचण सांगते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी बरेच अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात 'नाव'ऐवजी 'नांव', 'काही'ऐवजी 'कांहीं' असं दिसतं. म्हणून जुन्या नियतकालिकांत शोधताना शब्द दोन्ही रूपांत घालून पाहा. तरी काही पानं सुटतीलच, कारण स्कॅन केलेल्या देवनागरीची यंत्राला बरेचदा नीट ओळख पटत नाही. अशा वेळी शोधपट्टी सोडून अंकाची अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचावी लागते. वेळ जातो, पण जे सापडतं ते वर्गात इतर कोणाकडे नसतं.

जुन्या शब्दाचा अर्थ त्या काळाच्या कोशात बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ दरम्यान निघाले. शब्द प्रवासात किती बदलतात बघा: संस्कृतात 'राग' म्हणजे रंग किंवा आसक्ती, आपल्याकडे तो क्रोध झाला. जुन्या रचनेत हा शब्द दिसला की आधी थांबा, कोश उघडा.

१०. किमान किती संदर्भ हवेत?

शिक्षकांनी सांगितले असतील तितके. नसतील सांगितले, तर चार लेख पूर्ण वाचलेले, पंधरा लेखांच्या नुसत्या सारांशांपेक्षा जास्त कामाचे.

११. मोठ्या समीक्षकाशी मी असहमत कशी होऊ?

आपल्या शास्त्रग्रंथांची जुनी रीत आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. पूर्वपक्ष इतका प्रामाणिकपणे मांडायचा की तो मांडणाऱ्यानेही मान डोलवावी. विद्यार्थी इथे घाई करतात. समीक्षकाचं एक अर्धं वाक्य उचलतात, ते खोडतात आणि पुढे जातात. त्याऐवजी आधी दोन-तीन वाक्यांत त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहा. मग स्वतःला विचारा, त्याने बघितलेली पण मला न दिसलेली गोष्ट कोणती? मला दिसलेली पण त्याने सोडलेली कोणती?

असहमतीचे प्रकारही अनेक असतात. त्याचा निष्कर्ष बरोबर आहे पण कारण वेगळं आहे, असं म्हणता येतं. त्याचं म्हणणं पहिल्या तीन कथांना लागू आहे, चौथीला नाही, असंही म्हणता येतं. त्याने वापरलेली संज्ञा ढिली आहे, असंही. सरसकट 'चूक' म्हणण्याची वेळ फार क्वचित येते. आणि सहमत असाल तर तेही काम आहे. त्याने जे एका कादंबरीबद्दल म्हटलं, ते तुमच्या कवितेला लावून बघा. जिथे ते बसत नाही तिथे तुमचा निबंध सुरू होतो.

१२. टिपणं कशी काढावीत?

प्रत्येक टिपणावर तीनपैकी एक खूण करा: लेखकाचे शब्द जसेच्या तसे, लेखकाचा विचार माझ्या शब्दांत, माझा स्वतःचा विचार. तीन रंगांच्या शाया वापरा, नाहीतर तीन अक्षरं. आणि पानाचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. तीन आठवड्यांनी वही उघडल्यावर एखादं सुंदर वाक्य दिसतं आणि ते आपण लिहिलं की उतरवलं ते आठवत नाही. अजाणता झालेलं वाङ्मयचौर्य बहुतेक इथूनच सुरू होतं.

१३. अवतरण किती आणि कसं द्यायचं?

ज्या शब्दांबद्दल तुम्ही बोलणार आहात तेवढेच द्या. अर्धं पान उतरवून खाली 'यावरून आईची व्यथा स्पष्ट होते' लिहिलं, तर शोधायचं काम तुम्ही वाचकावर टाकलं. अवतरणाआधी ते कुठलं, कोण कोणाला बोलतंय ते सांगा. अवतरणानंतर त्यातल्या एखाद्या शब्दाला हात घाला. माझा ढोबळ हिशोब असा की एका ओळीच्या अवतरणामागे निदान दोन ओळी तुमच्या असाव्यात.

मूळ लेखन जसं आहे तसंच ठेवा. जुने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आपल्या सवयीने सुधारू नका. काही गाळलं तर तीन टिंबं द्या, आणि गाळल्यामुळे अर्थ बदलत नाही ना ते तपासा. तुमचा शब्द घातला तर तो चौकटी कंसात. एकनाथांची नरोटी इथेही आठवावी.

१४. शब्द बदलून लिहिलं तर ते चौर्य होत नाही ना?

होतं, कल्पना दुसऱ्याची असेल आणि तुम्ही तसं सांगितलं नसेल तर. 'दुःख'च्या जागी 'वेदना' घातल्याने विचार तुमचा होत नाही. खरं रूपांतर करायचं असेल तर लेख बंद करून ठेवा, दहा मिनिटांनी कोऱ्या कागदावर त्याचं म्हणणं एखाद्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिहा, मग ताडून पाहा आणि तरीही संदर्भ द्या.

चॅटबॉटबद्दल हल्ली प्रत्येक वर्गात विचारतात. तुमच्या संस्थेचा नियम काय आहे ते आधी पाहा. नियम काहीही असो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख आणि कधीच न लिहिली गेलेली अवतरणं आत्मविश्वासाने देतात, म्हणून जो लेख तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही तो सूचीत येता कामा नये. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: दुसऱ्या प्रश्नातल्या नोंदी जर यंत्राकडून काढून घेतल्या, तर ज्या कामातून वाचायला शिकता येतं तेच काम तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलं.

१५. सिद्धांत वापरलाच पाहिजे का? स्त्रीवाद, मार्क्सवाद, उत्तरवसाहतवाद...

सिद्धांत हा प्रश्न विचारायचा एक कोन आहे. तो वापरून संहितेत, म्हणजे मूळ मजकुरात, असं काही दिसायला हवं जे एरवी दिसलं नसतं. आपल्या उताऱ्यावर बघू. स्त्रीवादी वाचन विचारेल, पत्र उघडण्याचा, बातमी कधी आणि किती सांगायची ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आईकडे, पण फक्त कपाटाएवढा. मार्क्सवादी वाचन विचारेल, बाबा दूर का आहेत, कामासाठी का? उतारा सांगत नाही, मग तिथे ताणू नये. भारतीय काव्यशास्त्राकडे गेलात तर नवव्या शतकातल्या आनंदवर्धनांचा ध्वनिविचार, म्हणजे शब्दांतून सूचित होणाऱ्या अर्थाचा विचार, इथे सुंदर लागू पडतो. 'सगळं ठीक आहे' याचा वाच्यार्थ एक, आणि ऐकणाऱ्याला जाणवणारा व्यंग्यार्थ बरोबर उलट. हा उलटा अर्थ कशामुळे जाणवतो? न उघडलेल्या पत्रामुळे. ध्वनीची संज्ञा वापरल्याने आपल्याला कारण शोधावं लागलं, म्हणून ती उपयोगी पडली.

उलट पद्धत वाईट: पहिली चार पानं सिद्धांताचा इतिहास आणि पाचव्या पानावर 'वरील निकष प्रस्तुत कादंबरीस लागू पडतात.' निकष लागू पडणारच, तुम्ही तशीच कादंबरी निवडली होती.

१६. लिहायला बसलं की प्रस्तावनेतच अडकते. काय करू?

प्रस्तावना शेवटी लिहा. काय म्हणायचं आहे ते अजून पुरतं ठरलेलं नसताना त्याची ओळख कशी करून देणार? ज्या परिच्छेदातला मुद्दा तुम्हाला सगळ्यात पक्का वाटतो तिथून सुरू करा. परिच्छेदात एक मुद्दा, त्याला संहितेतला आधार, त्या आधाराचा उलगडा आणि मुख्य विधानाशी नातं. दर वेळी याच क्रमाने लिहायची गरज नाही, पण चारपैकी काही गळालं का ते बघा. गळतो तो बहुतेक उलगडा.

आणि प्रस्तावना 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' इथून नको. तुमच्या उताऱ्यातल्या त्या टोचणाऱ्या जागेपासून सुरुवात करा. 'कपाट उघडलं जातं आणि पुन्हा लावलं जातं, मध्ये काय झालं ते निवेदक सांगत नाही.' वाचक लगेच तुमच्याबरोबर येतो.

१७. भाषा प्रौढ, जड असायला हवी का?

नाही. संज्ञा जिथे लागते तिथे नेमकी वापरा, निवेदक आणि लेखक एक समजू नका, प्रतिमा आणि प्रतीक यांत गल्लत करू नका. बाकी वाक्यं साधी ठेवा. 'प्रस्तुत कथेच्या माध्यमातून लेखिकेने स्त्रीजीवनाच्या विविध पैलूंवर प्रकाशझोत टाकण्याचा यशस्वी प्रयत्न केलेला आहे' यातून 'प्रस्तुत', 'माध्यमातून', 'विविध पैलू', 'प्रकाशझोत', 'यशस्वी प्रयत्न' काढलं की काय उरतं ते बघा. कथेत स्त्री आहे, एवढंच.

१८. संदर्भ देण्याची कोणती शैली वापरू?

विभाग सांगेल ती. साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या संस्थेची शैली) बरीच चालते, तिच्या पुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. तिच्यात मजकुरातच कंसात लेखकाचं आडनाव आणि पान येतं, कारण साहित्यात नेमका शब्द कुठे आहे ते महत्त्वाचं. एपीएमध्ये (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत) आडनावाबरोबर वर्ष येतं, कारण तिथे संशोधन किती ताजं आहे त्याला वजन असतं. कोणतीही घ्या, स्वल्पविरामापर्यंत एकसारखी ठेवा. लेखकांची क्रमवारी मराठी वर्णमालेने लावायची की वेगळी, तेही आधीच विचारून घ्या.

१९. पहिला मसुदा झाला. आता शुद्धलेखन तपासून देऊ?

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधी एक दिवस मसुद्याकडे बघू नका. मग पहिल्या प्रश्नातली युक्ती करा, परिच्छेदांची पहिली वाक्यं एकाखाली एक. क्रम बदलला तर बरं होईल का? कोणता परिच्छेद काढला तरी कोणाला कळणार नाही? तो काढा, कितीही जीव जडला असला तरी. त्यानंतर प्रत्येक अवतरण मूळ पुस्तक उघडून अक्षरशः ताडा. मी दर वेळी माझ्या स्वतःच्या लेखातही चूक शोधून काढते, हाताने उतरवताना शब्द बदलतोच. मग मोठ्याने वाचन, मग शुद्धलेखन.

२०. समासात फक्त 'म्हणजे काय?' असं लिहून आलंय. याचं काय करायचं?

ज्या वाक्यासमोर ते आहे ते वाक्य मोठ्याने वाचा आणि समोर कोणी बसलं आहे असं समजून 'म्हणजे...' पासून तोंडी उत्तर द्या. आपल्या उताऱ्यावर लिहिलेलं 'निवेदनातून अंतर निर्माण होतं' हे वाक्य घ्या. म्हणजे काय? म्हणजे मुलगा आईला बघतो पण आत पोहोचू शकत नाही, त्याला हालचाली दिसतात, कारणं दिसत नाहीत, आणि वाचकालाही त्याच दारात उभं केलं जातं. हे तोंडून निघालं तेच लिहा आणि आधीचं वाक्य खोडा. उत्तर देताना अडखळलात, तर वाक्यात अजून विचार व्हायचा आहे. मग पेन्सिल घेऊन परत उताऱ्याकडे जा, नोंदींपासून.